तसं म्हणता येणार नाही

फोर्टमध्ये माझं छोटंसं ऑफिस आहे. आर्बिट्रेशनच्या, म्हणजे कोर्टाबाहेर लवादापुढे चालणाऱ्या वादांच्या सुनावण्यांना स्टेनो पुरवायचे, एवढंच काम. पगारावर कुणी नाही. बारा-पंधरा जणांची यादी आहे. ज्याला ज्या दिवशी जमेल त्याला पाठवायचं आणि सिटिंगप्रमाणे पैसे द्यायचे. खर्च दोन्ही पक्ष निम्मा-निम्मा उचलतात. बिलातून कुणी कंत्राटी काम म्हणून एक टक्का टीडीएस कापतं, कुणी व्यावसायिक फी म्हणून दहा. एकच काम, एकच माणूस. तो कंत्राटदार की व्यावसायिक हे समोरच्या अकाउंटंटच्या मनावर.

गेल्या वर्षीची एक सुनावणी डोक्यातून जात नाही. प्रकरण ओळखू येईल असं काही लिहीत नाही. बांधकामाचा वाद होता, साक्षीदार कराडकडचा साइट सुपरवायझर. स्टेनो म्हणून मी डोंबिवलीच्या बाईंना नेलं होतं. पहिल्या दिवशी स्क्रीन, केबल, प्रिंटर लावून द्यायला मी स्वतः जातो, त्यामुळे मीही खोलीतच होतो.

बाहेरच्यांना वाटतं, साक्षीदार बोलतो तेच कागदावर जातं. तसं नसतं. वकील इंग्रजीत विचारतो, कुणीतरी त्याचं मराठी करून सांगतं. साक्षीदार मराठीत उत्तर देतो, त्याचं पुन्हा इंग्रजी होतं, ते आर्बिट्रेटर, म्हणजे निवाडा करणारे लवाद, डिक्टेट करतात आणि मग स्टेनो उतरवते. दिवसाअखेरी प्रत्येक पानावर साक्षीदाराची सही. आपलं बोलणं आपल्याला न वाचता येणाऱ्या भाषेत लिहिलेलं, आणि खाली आपली मराठी सही.

आता बहुतेक जण थेट लॅपटॉपवर टाइप करतात. बाई मात्र लॅपटॉपच्या बाजूला वही ठेवतात आणि उत्तर आधी वहीत घेतात. मला ते आवडतं. पिटमनच्या लघुलेखनात नकार फार थोड्या जागेत मावतो. इंग्रजीतलं 'कॅन नॉट', 'विल नॉट' घेताना 'नॉट' सुटा लिहीत नाहीत. आधीची रेघ निम्मी करून तिच्या टोकाला बारीक आकडा द्यायचा. घाईत तो आकडा राहिला की साक्षीदाराने नाकारलेली गोष्ट त्याने कबूल केल्यासारखी होते. म्हणून नवीन माणूस घेताना मी वेग नंतर बघतो. नकारांनी भरलेली पाच मिनिटांची उलटतपासणी वाचतो आणि लगेच वहीवरून परत वाचून घेतो. मिनिटाला 120 शब्दांचं सर्टिफिकेट घेऊन आलेले बरेच जण तिथे अडखळतात. बाईंनी एकही नकार सोडला नव्हता.

दुपारी चारच्या सुमाराला वकिलांनी साक्षीदाराला विचारलं, तुमचे मजूर साइट सोडून गेले म्हणून काम थांबलं, बरोबर? साक्षीदार म्हणाला, "तसं म्हणता येणार नाही."

उलटतपास घेणाऱ्या वकिलांनीच त्याचं इंग्रजी केलं: "आय कॅनॉट से." आर्बिट्रेटर परप्रांतातले, मराठी जेमतेम. त्यांनी तेच डिक्टेट केलं.

कोर्टात उठबस असलेल्या कुणालाही यातला फरक सांगावा लागत नाही. 'मला सांगता येणार नाही' म्हणजे माहीत नाही. 'तसं म्हणता येणार नाही' म्हणजे तुमचं म्हणणं चुकीचं आहे. आमच्याकडच्या साक्षींमध्ये पानोपानी येणारं 'हे म्हणणे खरे नाही' ते हेच. पहिल्यात साक्षीदार मुद्दा सोडून देतो, दुसऱ्यात तो ठाम नाकारतो.

बाईंचा हात थांबला. त्या म्हणाल्या, "सर, विटनेसनी नाही म्हटलंय. तसं म्हणता येणार नाही, असं म्हणाले ते."

वकील एकदम चढले. स्टेनोने टाइप करावं, दुभाषी होऊ नये, म्हणाले. साक्षीदाराच्या बाजूचे वकील त्या वेळी पुढच्या तारखेसाठी डायऱ्या जुळवत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा वाक्य पुढे गेलं होतं. कागदपत्रांची हजारो पानांची कंपायलेशन करणारी माणसं अशा एका वाक्याला गैरहजर असतात, याचा मला राग येतो. आर्बिट्रेटर शांतपणे म्हणाले, "मॅडम, मी सांगतो तेच घ्या." बाईंनी तेच घेतलं.

मीही मराठीच. मीही ऐकलं होतं. मी प्रिंटरमध्ये कागद भरत राहिलो.

संध्याकाळी फोन आला. पुढच्या तारखेला दुसरं कुणी पाठवा, मॅडम मध्ये बोलतात. मी बरं म्हटलं आणि दुसऱ्या मुलाला पाठवलं. बाईंना काढलं असं म्हणताच येत नाही, कारण त्यांना कधी ठेवलंच नव्हतं. फक्त फोन केला नाही. आमच्या धंद्यात माणूस असाच जातो.

महिन्याभराने साक्षीदाराच्या बाजूच्या वकिलांनी ट्रान्सक्रिप्ट वाचलं आणि ते जागे झाले. दुरुस्तीचा अर्ज केला आणि मला पत्र पाठवलं: त्या दिवसाची स्टेनोची वही सादर करा. मी उत्तरात लिहिलं, स्टेनो स्वतंत्र आहेत, वही त्यांच्याकडे असते, माझा ताबा नाही. कायद्याच्या दृष्टीने ते कदाचित बरोबरही असेल. पण ते वाक्य लिहिताना मला स्वतःची लाज वाटली. फोनवर दोन शब्दांत ज्यांचं काम थांबवता आलं, त्यांच्यावर माझा ताबा नाही?

बाई माझ्या कामगार ठरतात का, असं एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. त्यांनी ध्रांगध्र्याच्या मिठागरांचा 1956 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल काढला. तिथले आगरिये हंगामापुरते यायचे, मिठाच्या वजनावर पैसे घ्यायचे, मदतीला स्वतःची माणसं आणायचे. तरी कोर्टाने त्यांना कामगार मानलं, कारण काम कसं करायचं यावर मालकाची देखरेख होती. मी म्हटलं, मग 'मी सांगतो तेच घ्या' हे काय होतं? ते म्हणाले, "ते तर आर्बिट्रेटरने सांगितलं, तू नाहीस." म्हणजे हुकूम एकाचा, पैसे दोघांचे, फोन माझा. गोपनीयतेचंही तसंच. 2019 मध्ये आर्बिट्रेशनच्या कायद्यात आलेलं कलम 42ए आर्बिट्रेटर, संस्था आणि पक्षकार यांना बांधतं. खोलीतला प्रत्येक शब्द जिच्या वहीत असतो, त्या स्टेनोचा त्यात उल्लेख नाही. हे सगळं करारात लिहायला हवं होतं: वही कुणाची, किती वर्षं जपायची, चुकीचं ऐकू आलं तर बोलायचा अधिकार आहे की नाही. मी सतरा वर्षं तोंडी व्यवहारावर चालवलं.

21 फेब्रुवारी 2023 पासून सुप्रीम कोर्टात यंत्राने थेट ट्रान्सक्रिप्ट घ्यायला सुरुवात झाली, तीही महाराष्ट्राच्याच सत्तासंघर्षाच्या सुनावणीत. आता स्टेनो कशाला, असं पक्षकार मला विचारतात. माझं मत स्पष्ट आहे. त्या दुपारी खोलीत यंत्र असतं तरी आर्बिट्रेटरचं इंग्रजी वाक्य तसंच उतरलं असतं. थांबला तो बाईंचा हात.

शेवटी मी त्यांना फोन केला. माफी मागायची होती, पण आधी वहीचंच बोललो. दुसऱ्या दिवशी त्या डोंबिवलीहून वही घेऊन आल्या. ब्राउन पेपरचं कव्हर, वर तारीख आणि सिटिंगचा नंबर. त्यांनी पान उघडून दाखवलं. सगळ्या रेघांच्या मध्ये ते एकच उत्तर देवनागरीत, पूर्ण लिहिलेलं होतं. शेजारी वेळ: 4.10.

"ताई, मी त्या दिवशी बोलायला हवं होतं," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "हो." मग म्हणाल्या, "वही सीलबंद पाकिटात आर्बिट्रेटरसाहेबांकडेच द्या. कुठल्या पार्टीला नको. आणि मला पोच हवी."

मी लेटरहेड घेतलं. त्यांचं नाव लिहिलं आणि पुढे पेन थांबलं. आमच्या स्टेनो लिहू, की फ्रीलान्स, की माजी?

"लघुलेखक लिहा," त्या म्हणाल्या. मी तसं लिहून सही-शिक्का दिला.

अर्जावर अजून आदेश झालेला नाही.