मेळघाटात घाई नको

येत्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन नागपूरहून गाडीने चिखलदऱ्याला आणि तिथून पुढे मेळघाटाच्या आतल्या भागात जायचे ठरले आहे. त्यामुळे रात्रीची जेवणे आटोपली की आम्ही तिघे नकाशा घेऊन बसतो. माझे म्हणणे एकच आहे, ते म्हणजे या खेपेला पॉइंट मोजत फिरायचे नाही.

पूर्वी एकदा आम्ही चिखलदरा एका दिवसात उरकला होता, तोही भर ऑगस्टमध्ये. घाटात धुके इतके दाट उतरले की बॉनेटपुढचा रस्ता दिसेना. बाबा खाली उतरून कडेकडेने चालू लागले आणि त्यांच्या शर्टाच्या पाठीवर नजर ठेवून मी पहिल्या गिअरमध्ये गाडी नेत राहिले. वर पोहोचल्यावर देवी पॉइंट काय आणि भीमकुंड काय, सगळीकडे नुसता पांढरा पडदा होता. पावसाळ्यातली ती हिरवाई मनात घर करून राहते हे खरे, पण ज्याला दरी पाहायची आहे आणि सोबत वयस्कर माणसे आहेत, त्याने हिवाळाच निवडावा असे माझे ठाम मत झाले आहे.

नागपूर ते अमरावती सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता चांगला आहे, त्याविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही. पुढे परतवाड्याला टाकी पूर्ण भरून घ्यायची, कारण तिथून वर लागणारे अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नसतो. घाटाची वळणे, मध्येच रस्त्यावर येणारी गुरे आणि जंगलात गायब होणारे मोबाइलचे नेटवर्क हे सारे धरूनच वेळ काढावा लागतो.

सुमारे अकराशे मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यात दोन रात्री राहणार आहोत. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथे, आणि हिवाळ्यात सावलीतल्या त्या झुडपांवर लाल फळे धरलेली आईला दाखवायची आहेत. जवळच्या मोथा गावी गवळ्यांचा खवा मिळतो. चुलीवरच्या लोखंडी कढईत दूध आटत असते, सराटा तळाशी सारखा फिरत असतो आणि कडेला जमलेली साय खरवडून पुन्हा आत ढकलली जाते. त्या धुराचा किंचित वास खव्याला लागतो, म्हणूनच तो शहरातल्या खव्यासारखा लागत नाही. आईने यासाठी एक अख्खी सकाळ राखून ठेवली आहे.

बाबांचा अर्धा दिवस गाविलगडासाठी आहे. 15 डिसेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याच्या सैन्याने हा किल्ला घेतला, पण त्याआधी उत्तरेच्या बाजूने तोफा आणण्यासाठी त्या सैन्याला डोंगरातून स्वतः वाट तयार करत यावे लागले होते. तटावर उभे राहून उत्तरेकडच्या त्या डोंगररांगा पाहिल्या की ते काम केवढे अवघड असेल याची कल्पना येते.

तिसऱ्या दिवशी घटांगमार्गे सेमाडोहला आणि पुढे सिपना नदीकाठच्या कोलकासला जायचे आहे. हा 1974 साली घोषित झालेल्या व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख आहे, पण माझे लक्ष वाघापेक्षा कोरकू आदिवासींच्या गावांकडे अधिक आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर एका ओळीत उभी असलेली घरे पाहून तिथे थांबावेसे वाटते. कोरकू भाषेचे नाते मराठीशी नाही आणि शेजारच्या गोंडीशीही नाही. ती मुंडा भाषाकुळातली आहे. होळीनंतर गेलो असतो तर फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागणाऱ्या बायकांनी नाचत-गात आमची गाडी अडवली असती, आणि त्या दिवसांत त्या वाटेने जाणाऱ्याने सुटे पैसे व भरपूर वेळ जवळ ठेवावा.

बाबांना हरिसालवरून धारणीपर्यंत जायचे आहे, मी मात्र चौथा दिवस मोकळा ठेवला आहे. अंधार पडल्यावर जंगलातून गाडी चालवायची नाही हे पक्के आहे, आणि नोव्हेंबरअखेर सहाच्या आतच सूर्य मावळतो. म्हणून परतीला निघताना दुपारी दोनला कोलकास सोडायचे, एवढी एकच वेळ मी वहीत लाल शाईने लिहिली आहे.