दोन इंच वर

या सहलीतला पहिला घाट रस्त्यावर नव्हताच, गाडीच्या दारात होता. आईने एक पाय फूटबोर्डवर ठेवला, वरचं हँडल धरलं आणि माझ्याकडे वळून बघितलं. "एवढी उंच कशाला करून ठेवलीस? आता शिडीपण घे बरोबर." मागे हौद्यात सामान बांधणारा मेहुणा नको तेवढ्या मोठ्याने हसला.

पिकअपला पुढून दोन इंचांचं लेव्हलिंग किट बसवून महिना झाला होता. रिकाम्या पिकअपचं नाक जरा खाली असतं, ते मला बघवत नसे. किट म्हणजे काही दिव्य प्रकरण नाही. पुढच्या स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या जोडखांबाच्या, डोक्यावर बसणारी जाड चकती. तीही असते इंचभराचीच, सस्पेन्शनच्या आर्ममुळे चाकापाशी त्याचे दोन इंच होतात. जोडीला २६५/७० आर १७ टायर काढून त्याहून मोठे २८५/७० आर १७ घातले. चाकांची अलाइनमेंट करून घेतली, शंभरेक किलोमीटर चालवून चाकांचे नट पुन्हा आवळले. रोजच्या फिरण्यात सगळं झकास. भरलेला हौदा घेऊन लांब निघायची ही पहिलीच खेप.

हायवेला लागल्यावर मेहुण्याने मोबाइलवर जीपीएसचा वेग लावला. पूर्वी माझा काटा तीन-चारने फुशारकी मारायचा. आता काटा १०० आणि जीपीएसही १००! नवा टायर व्यासाने साडेतीन टक्के मोठा, त्यामुळे काट्याची जुनी खोट आपोआप भरून निघाली. किलोमीटर मोजणारा ओडोमीटर मात्र आधी बरोबर होता, तो बिघडला. ४०० किलोमीटर कापले तरी तो ३८६ म्हणतो. म्हणजे मायलेज काढताना आधी हा हिशेब दुरुस्त करायचा आणि मग रडायचं. रडण्यासारखं थोडं आहेच. पूर्वी लिटरला साडेबारा मिळायचे, आता सव्वाअकरा.

अंधार पडला आणि समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारायला लागला. पहिल्या दोघांना मी मनातल्या मनात शिव्या दिल्या. तिसऱ्यानंतर हेडलाईट तपासले, लो बीमच होता. मग डोक्यात उजेड पडला. किट बसवल्यावर दिवे भिंतीवर मारून खाली घेतले होते, पण तेव्हा हौदा रिकामा होता. कंपनीने नाक खाली ठेवलेलं असतं ते याचसाठी: माल भरला की मागचे स्प्रिंगचे पाटे दबतात आणि गाडी सरळ होते. मी ती सवलतच काढून घेतली होती. शेपूट पाच सेंटिमीटर बसलं तर सव्वातीन मीटरच्या व्हीलबेसला पन्नास मीटरवर झोत पाऊण मीटर वर उचलला जातो, थेट समोरच्याच्या डोळ्यांत. डॅशबोर्डवरचं दिव्यांचा झोत वर-खाली करणारं चाक दोन घरं खाली फिरवलं. डिपर थांबले.

घाट उतरताना ब्रेक जरा जास्त दाबावा लागतोय हे पायाला कळत होतं. टायर मोठा आणि जडही. खालच्या गिअरवर सावकाश उतरलो. आईला तेवढंच बरं वाटलं.

कच्च्या रस्त्यावर मात्र पैसे वसूल. हवा ३५ वरून २४ पीएसआयवर आणली आणि तीच गाडी खड्ड्यांशी भांडायची थांबली. एका ओढ्याच्या काठावर, पूर्वी जिथे बंपर घासला असता, तिथून अलगद वर आली. फक्त पूर्ण स्टिअरिंग वळवून दगडावर चढवली की डाव्या चाकाआड 'खर्र' व्हायचं. खाली वाकून बघितलं तर आतल्या प्लास्टिकवर टायरच्या कडेने चंद्रकोर कोरली होती.

परतताना मागचं उजवं चाक पंक्चर होऊन बसलं आणि माझी खरी चूक उघडी पडली. स्टेपनी जुन्याच मापाची! मोठी त्या जागेत मावत नाही म्हणून मी पाचवा टायर घेतलाच नव्हता. मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलला दोन बाजूंना दोन मापं द्यायची नव्हती. म्हणून आधी पुढचं चाक काढून मागे लावलं आणि स्टेपनी पुढे. चाक एक बसलं, जॅक दोनदा लावला. चारही चाकांना ताकद देणाऱ्या फोर व्हीलला हात लावायचा नाही असं मेहुण्याला बजावून साठच्या वेगाने पंक्चरवाल्यापर्यंत गेलो. वाटभर स्टिअरिंग एका बाजूला हळूच ओढत होतं.

आता मोठी स्टेपनी घेणार, ती हौद्यात उभी बांधणार. तेवढी सामानाची जागा गेली, गेली. मागे एक जास्तीचा पाटा टाकावा का, यावर मेहुण्याशी वाद चालू आहे. त्याचं म्हणणं, किट काढून टाक, टायर ठेव. दोन इंच खाली घेतल्यावर हेच टायर आणखी घासतील हे त्याला पटत नाही.

घरी पोचून हौदा रिकामा केला तसं शेपूट वर आलं. मी जरा लांब जाऊन बघत उभा राहिलो. अगदी एका पातळीत! "बघून झालं असेल तर मला उतरव," आई आतून म्हणाली. मेहुण्याने दारापाशी रिकामं क्रेट पालथं घातलं.