सुट्टीतही मुंबईच? तुम्ही विचारलंत म्हणून

"रोज मुंबईला जातेस, मग सुट्टीतही मुंबईलाच?" लेडीज डब्यातल्या मैत्रिणी विचारतात, नणंद विचारते, लिफ्टमध्ये भेटणारे सोसायटीतले काकाही विचारतात. डोंबिवलीत राहून फोर्टात नोकरी करणारी बाई सुट्टी लागली की बॅग भरते आणि नवऱ्याला घेऊन फोर्टातल्याच लॉजवर राहायला जाते, हे कुणाच्या पचनी पडत नाही. आजवर हसून वेळ मारून नेली. आता सांगतेच.

पैसे वाचवायला जातो असं वाटत असेल तर तसं नाही. फोर्टात बरी खोली स्वस्तात मिळत नाही. आणि "मुंबईत बघायचं काय उरलंय?" म्हणणाऱ्यांनी सांगावं, तुम्ही पाहिलंय काय? भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तो फुटला आणि १९१४ मध्ये तुकडे जोडून पुन्हा उभा केला. आपली गाडी तिथूनच जाते रोज. उतरलोय कधी?

खरं कारण बाबा आहेत.

बाबांची सगळी नोकरी बॅलार्ड इस्टेटमध्ये झाली. दुपारचा डबा ते एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर खायचे. कुणाच्या डब्यात काय असायचं, कोण लोणचं वाटायचं, हे आम्हा भावंडांना पाठ होतं. पण १८३३ च्या त्या टाउन हॉलच्या आत ते कधी गेले नाहीत. "आपलं काय काम तिथे?" म्हणायचे.

निवृत्तीनंतर मी हट्टाने त्यांना घेऊन गेले. आधी ब्रिटानियात जेवलो. इतकी वर्षं त्या हॉटेलवरून ते येत-जात होते, आत मात्र पहिल्यांदाच बसले. बेरी पुलावातली लाल, आंबट बेरी त्यांनी चमच्याने बाजूला काढून नीट पाहिली. "इराणहून येते," मी म्हटलं. मग एकेक करून सगळ्या खाल्ल्या. मला वाटलं, जमलं.

तिथून एशियाटिकला आलो. पायऱ्या चढताना मध्येच त्यांचा गुडघा धरला आणि ते खाली बसले. मी शेजारी बसले. म्हटलं, दम घ्या, सावकाश जाऊ. त्यांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं. "पाचच्या आतली फास्ट गाठू या. नंतर बसायला मिळत नाही."

"बाबा, आज कुठे वेळेवर पोचायचंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझा प्रश्नच त्यांना कळला नसावा. तोवर ते उठलेही होते, कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. गाडीत खिडकी मिळाली तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल झाला. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

नंतर मी एकटीच वर गेले. पंख्याखाली म्हातारी माणसं तासन्‌तास पेपर वाचत बसलेली. मला भयंकर राग आला. कुणाचा, ते अजून सांगता येत नाही. ज्या शहराला त्यांनी आयुष्य दिलं, तिथे त्यांच्या वाट्याला फक्त डब्याची सुट्टी आली.

म्हणून मी जाते. शनिवारी संध्याकाळी सगळे सीएसएमटीकडे पळत असतात आणि आम्ही त्या लोंढ्याच्या उलट चालत लॉजवर येतो. हे सुख महाबळेश्वरला नाही मिळत, खरंच सांगते. रविवारी सकाळी बॅलार्ड इस्टेटच्या रिकाम्या रस्त्यांवर पोरं क्रिकेट खेळतात. ही वसाहत, गेटवे आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, तिन्ही वास्तुरचनाकार जॉर्ज विटेटच्या हातची. बाबांना हे सांगायला हवं होतं. मग धोबीतलावला कयानीत बन मस्का. मऊ बनावर लोण्याचा जाड थर असतो, तो चहात बुडवला की कपात पिवळे थेंब तरंगतात. दुसरा चहा मागवायचा आणि उठायचं नाही.

पंचविशीतली मी मात्र हे ऐकून चिडली असती. कुर्ल्याला दारात लोंबकळताना ती म्हणायची, पैसे हाताशी आले की डोंगरात जाईन, या गावाचं नाव काढणार नाही. तिला चुकीचं कसं म्हणू? बर्फ मी अजून पाहिलेला नाही. कधीकधी लॉजच्या खोलीत पडल्यापडल्या वाटतं, बाबांचं राहिलेलं पुरं करण्याच्या नादात माझं राहून जातंय. नवऱ्याला तसं म्हटलं, तर तो म्हणाला, "मग जाऊ या ना." पण पुढच्या सुट्टीचा विषय निघाला आणि माझ्या तोंडून पुन्हा बाणगंगेचंच नाव आलं. वाळकेश्वरला इतक्या जवळ असून मी ते तळं अजून पाहिलेलं नाही.

मुलगा यंदा मनालीसाठी हटून बसलाय. त्याला मी हो म्हटलेलं नाही, आणि नाहीही म्हटलेलं नाही.