अर्ध्या प्लेटचा सोबती

गुरुवार, रात्र

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. थंडी पडली आणि इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गराडूच्या कढया चढल्या.

गराडू एकट्याने खायचा पदार्थ नाही, हे दर हिवाळ्यात नव्याने पटतं. कंदच तो, त्यातून तळलेला. सोलून, तुकडे करून एकदा तळून ठेवतात. गिऱ्हाईक आलं की ते तुकडे पुन्हा कडकडीत तेलात सोडतात आणि वर जीरावन (इथला भुरभुरायचा चटपटा मसाला), लिंबू. गरम असेतो बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ, गार झाला की चिवट. म्हणजे उभ्याउभ्या लगेच संपवायचा. पूर्ण प्लेट एकट्याने संपवली की पोट भरतं, आणि पुढचा दहीवडा, भुट्ट्याचा कीस, मावाबाटी (खव्याची तळलेली गोड बाटी) नुसती बघत घरी यायचं. एकट्याचं पोट दोन पदार्थांत थांबतं. दोघांत एक-एक प्लेट वाटली तर चार-पाच होतात. खाण्याच्या सोबतीची गरज इथून सुरू होते. गप्पा त्यानंतर.

इंदुरात खवय्यांना तोटा नाही. अडतं ते अंतरापाशी. जिवलग मित्र विजयनगरला आणि आपण राजेंद्रनगरला, म्हणजे शहराची दोन टोकं. रात्री नऊला निघायचं म्हटलं की एकाला तरी कंटाळा येतो. दोनदा बेत रद्द झाला की तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही. म्हणून या कामासाठी मैत्री थोडी कमी चालेल, घर जवळ हवं. माझ्या मते दोन किलोमीटरच्या आत, ‘दहा मिनिटांत खाली ये’ म्हणता येईल इतकं. रामबागेतल्या माणसाला रामबागेतला, सुदामानगरातल्याला सुदामानगरातलाच बरा.

असा माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही. ठरलेल्या पोह्यांच्या गाडीवर रोज त्याच वेळेला उभे असणारे, बागेत सकाळी फिरणारे, वाचनालयात येणारे, गणपतीच्या दहा दिवसांत मांडवात राबणारे. यांच्यापैकी कोणाची ना कोणाची वेळ आपल्याशी जुळतेच. चूक होते ती विचारण्यात. ‘कधीतरी जाऊ या खायला’ याला सगळे हो म्हणतात आणि कोणी येत नाही. ‘रविवारी सकाळी साडेसात, पोहे-जिलबी, अर्धा तास, येताय का?’ असं विचारलं की हो किंवा नाही लगेच कळतं. दिवस, वेळ, पदार्थ आणि किती वेळ लागेल, या चार गोष्टी निरोपात हव्यातच.

पहिली भेट पोह्यांवरच असावी, सराफ्यात नको. पोहे स्वस्त, दिवसाउजेडी, वर्दळीत, आणि जमलं नाही तर अर्ध्या तासात दोघंही मोकळे. इथले पोहे उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवतात, म्हणून ते तासभरानेही मऊ राहतात. वर शेव, कच्चा कांदा, जीरावन. दोघांना दोन प्लेट आणि शंभर ग्रॅम जिलबी पुरे. ओळख नवी असेल तर आपापल्या वाहनाने यावं, घरी सांगून यावं, आणि पहिल्याच दिवशी घरचा पत्ता देण्याची घाई करू नये. बाईमाणसाने तर हे पाळावंच.

पोहे खाता खाता तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. किती वाजेपर्यंत बाहेर राहता, काय खात नाही, तिखट किती चालतं. पहिला प्रश्न महत्त्वाचा, कारण सराफा रात्रीचा आहे. दागिन्यांची दुकानं बंद होतात तेव्हा त्यांच्या पायऱ्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात, ते मध्यरात्र उलटेपर्यंत. दहाला झोपणाऱ्या माणसाला तिथे ओढू नये. त्याच्याबरोबर छप्पन दुकान या दुसऱ्या खाऊगल्लीत जावं, ते सकाळपासून उघडं असतं. खोबरा पॅटिस तिथलं. तिथल्याच जॉनी हॉट डॉग या दुकानात अंड्याचा बेंजोही (पावात घातलेलं ऑम्लेट) असतो, तेव्हा सोबत्याला अंडं चालतं की नाही हे आधी ठाऊक हवं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कॅलेंडराप्रमाणे बदलतं. जैन सोबती सूर्यास्तानंतर खात नसेल तर सराफा त्याच्यासाठी नाहीच, आणि गराडू कंद असल्यामुळे दिवसाही नाही. त्याची-आपली गाठ सकाळच्या बिनकांद्याच्या पोह्यांवर. एकादशीचा उपास असेल तर उलट सराफाच सोयीचा. तिथली साबुदाण्याची खिचडी आपल्या घरच्यासारखी तुपात परतलेली नसते. साबुदाणा वाफवलेला असतो आणि मागाल तशी वरून मसाला, तळलेला बटाटा, लिंबू घालून कालवून देतात. मसाल्यात काय आहे ते मात्र उपासवाल्याने विचारून घ्यावं. मार्गशीर्षातले गुरुवार करणाऱ्या घरातून संध्याकाळी कोणाला बाहेर बोलावूच नये. त्या दिवशी घरी नैवेद्याचं जेवण असतं.

सराफ्यात पदार्थांचा क्रम चुकला की संध्याकाळ बिघडते. आधी कीस. मक्याची कणसं किसून दुधात मंद शिजवलेला, चव सौम्य, तिखटानंतर ती कळतच नाही. मग गराडू, पोटात जागा असताना. मग जोशींचा दहीवडा, तिखटावर थंड. तो द्रोण हवेत उडवून झेलतात आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले सोडतात, ते दोघांनी बघायचंच. पुढे जिलबी किंवा मावाबाटी, दोघांत एकच. शिकंजी शेवटी आणि एक पेला दोघांत. इथली शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे. आटवलेलं दूध, केशर, सुकामेवा, चांगली दाट. ती आधी प्यायली की बाकी सगळं राहतं. प्रत्येक ठेल्यावर प्लेट एक आणि चमचे दोन मागायचे. दुसरी प्लेट ‘छान आहे म्हणून’ मागवली की पुढचा पदार्थ गेलाच.

पैशांचं आधी बोलावं. ‘आज मी, पुढच्या वेळी तू’ यात पुढची वेळ आलीच नाही तर एकाच्या मनात राहतं. एक ठेला माझा, पुढचा तुझा, हे सगळ्यांत सोपं. पदार्थांचे दर फार वेगळे नसतात, हिशेब जवळपास जुळतो. गर्दीत मोबाइलवरून पैसे जायला वेळ लागतो, मागे रांग खोळंबते. दोघांच्या खिशात दोन-तीनशे रुपये सुट्टे हवेतच.

भेटायची जागाही फोनवर सोडू नये, गल्लीत आवाज ऐकू येत नाही. सराफ्याजवळच्या राजवाड्याच्या दरवाज्यापाशी भेटायचं, गाडी त्याच बाजूला लावून चालत आत जायचं. शनिवार-रविवार टाळावा. मंगळवारी-बुधवारी तेच ठेले, तीच चव, आणि उभं राहायला जागा. तिसरा-चौथा माणूस चालेल, पाचवा नको. पाच जणांत एक प्लेट वाटली जात नाही, मग प्रत्येक जण आपापली मागवतो आणि पुन्हा दोन पदार्थांत पोटं भरतात.

सोबत तुटते ती बहुतेक वेळा उशिरामुळे किंवा फोटोंमुळे. गराडू निवेपर्यंत फोटो चालले तर समोरचा दुसऱ्यांदा येत नाही. ज्याला फोटो हवेत त्याने ते कढईचे काढावेत, प्लेट हातात आली की खायला लागावं. आणि पंधरवड्यातून एकदाच जावं. दर आठवड्याला गेलं की एकाच्या पोटाला आणि दुसऱ्याच्या घराला ते झेपत नाही.

दोन-चार दिवसांत चंपाषष्ठी. चातुर्मासापासून कांदा-वांगं सोडलेल्या घरांत त्या दिवशी भरीत-रोडगा होतो आणि कांदा पुन्हा सुरू होतो. ‘कांद्याशिवाय काय मजा’ म्हणून जे इतके महिने येत नव्हते, त्यांना उसळ-पोह्यांसाठी विचारायचं ते याच आठवड्यात. रविवार, सकाळी साडेसात.