ओ-ब्रियाँचा अभ्यास: १९९८ ची बाटली अखेर उघडली

फ्रान्समधल्या बोर्दोची पाचही 'प्रीमिए क्रू', म्हणजे पहिल्या दर्जाची, वाइन घराणी एकदम समजून घ्यायला गेलं की एकही धड हाती लागत नाही. म्हणून यंदा शातो ओ-ब्रियाँ हे एकच धरून बसलोय. मागच्या नोंदीत त्यांच्या धाकट्या, म्हणजे मुख्य वाइनखालच्या दुसऱ्या वाइनबद्दल, 'ल क्लारांस'बद्दल लिहिलं होतं. आता थोरली. मित्रांनी मिळून वर्गणी काढली, कारण एकट्याच्या खिशाला ही बाटली झेपणारी नाही.

१९९८ मुद्दाम निवडलं. त्या वर्षी सप्टेंबरअखेर पावसाने गाठलं आणि बोर्दोच्याच मेदोक भागात उशिरा पिकणाऱ्या काबेर्ने सोव्हिन्यों द्राक्षाची पंचाईत झाली. मेर्लो ही द्राक्षाची जात मात्र लवकर पिकते. ओ-ब्रियाँच्या मळ्यात मेर्लोचा वाटा मेदोकच्या बड्या घराण्यांपेक्षा बराच मोठा, जवळजवळ काबेर्नेच्या बरोबरीचा. त्यात मळा पेसाकला, म्हणजे आता बोर्दो शहराच्या वस्तीतच. तिथली हवा उबदार, त्यामुळे सगळंच पीक थोडं आधी तयार होतं.

जमीन म्हणाल तर गोटे आणि वाळू. तत्त्वज्ञ जॉन लॉक १६७७ मध्ये इथे येऊन गेला. पांढरी वाळू, त्यात थोडी खडी, इथे काही उगवेल असं वाटतच नाही, अशी त्याची नोंद आहे. पण पाणी साचत नाही, मुळं खोल जातात आणि दिवसभर तापलेले गोटे रात्री ऊब देतात. या वाइनचं मोठेपण मला आधी या जमिनीत दिसतं, तळघर नंतर.

बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवली होती, साका तळाशी बसावा म्हणून. १९५८ च्या पिकापासून आलेली यांची ती उतरत्या खांद्यांची बाटली लांबूनही ओळखू येते. बूच जुनं, म्हणून दोन पात्यांचा ओपनर वापरला. पातं एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने हलवत आत सरकवलं आणि पिळत पिळत वर घेतलं. बूच अख्खं निघालं. ओतताना मानेखाली टॉर्च धरला. काळसर रेघ खांद्यापर्यंत आली तशी थांबलो.

रंग मध्ये गडद डाळिंबी, कडेला विटकरी. पहिल्या वासात फारसं काही नव्हतं. ग्लासात तासभर राहिल्यावर तंबाखू, देवदाराचं लाकूड, सुकी काळी फळं आणि मग तो धुरकट मातकट वास आला, वीटभट्टीवर वळवाचा पहिला सडाका पडावा तसा. पेसाकची हीच खूण मी 'ल क्लारांस'मध्ये शोधत होतो. तिथे ती पुसट होती, इथे घोटाघोटाला. तुरटपणा आहे, पण टोचत नाही. वर्षानुवर्षं टॅनिनचे, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या घटकांचे, रेणू एकमेकांना जोडले जातात, जड होतात आणि काही तळाशी बसतात. तो साका म्हणजे मुरण्याचा हिशोबच.

जुनी बोर्दो तासन्‌तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतून ठेवायची पद्धत मला पटत नाही. डिकँटर साक्यापुरता, उलगडायचं काम ग्लासात होऊ द्यावं. नाहीतर तिचा अर्धा प्रवास आपण हुकवतो.

ही वाइन तिथले वाइनकर्ते झाँ-बर्नार देल्मास यांच्या काळातली. त्यांच्या आधी वडील आणि नंतर मुलगा, अशा तीन पिढ्या तिथे वाइन करत आल्या. १९६१ मध्ये स्टीलच्या टाक्या आणल्या त्याही इथेच, बाकीच्या प्रीमिए क्रूंच्या आधी. मालकी १९३५ पासून डिलन कुटुंबाची. 'ल क्लारांस' हे नाव क्लॅरन्स डिलन यांच्यावरूनच.

आणि नावलौकिक किती जुना! १० एप्रिल १६६३ रोजी इंग्रज रोजनिशीकार सॅम्युएल पीप्सने लंडनच्या एका टॅव्हर्नमध्ये ही वाइन प्यायल्याचं रोजनिशीत लिहून ठेवलंय, अशी चव कधी चाखली नव्हती म्हणून. बोर्दोच्या वाइन घराण्यांची दर्जानुसार लावलेली १८५५ ची वर्गवारी आहे, तिच्यात रेड वाइनची बाकी सगळी नावं मेदोकची. बाहेरचं हे एकटंच.

पुढचा टप्पा ला मिसिओं ओ-ब्रियाँ हे शेजारचं घराणं. मळा रस्त्यापलीकडे, १९८३ पासून मालकही तेच. वर्ष पुन्हा १९९८ च हवं, म्हणजे फरक जमिनीचा किती ते कळेल. बाटलीचा शोध चालू आहे. ती मिळेपर्यंत दोन्ही घरांच्या धाकट्या वाइन शेजारी शेजारी ठेवून, लेबल झाकून चाखणार आहे.