मेंटॉरची बदली झाली आणि माझा फॉर्म अडकला

एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत सगळ्यात जास्त घाम कुठं फुटला असं विचारलंत, तर मी मेडिसिनची लाँग केस, म्हणजे परीक्षेत एक पेशंट पूर्ण तपासून मांडायचा तो भाग, सांगणार नाही. स्टुडंट सेक्शनची खिडकी सांगेन. फायनलचा फॉर्म भरायची वेळ, बाकी सगळी कागदपत्रं तयार, आणि खिडकीतले भाऊसाहेब माझी मेंटॉर-मेंटी फाईल, म्हणजे मार्गदर्शक शिक्षकाशी झालेल्या भेटींच्या नोंदी, उलटीसुलटी करून म्हणतात, "डॉक्टर, इथं सह्या कुठायत?"

सह्या नव्हत्या, कारण सह्या करणाऱ्या मॅडमची बदली झाली होती. त्यांच्या जागी सही कोणी करायची, हे आख्ख्या कॉलेजात कुणालाच सांगता येत नव्हतं.

आमची २०१९ ची बॅच. सीबीएमई (कॉम्पिटन्सी बेस्ड मेडिकल एज्युकेशन) नावाचा नवा अभ्यासक्रम आमच्यापासूनच सुरू झाला, त्यामुळं यातलं काही विचारायला तो शिकलेले सीनियर नाहीत. जुन्या अभ्यासक्रमातले सीनियर आमच्या जाडजूड लॉगबुककडे, म्हणजे सह्यांच्या वहीकडे, बघून हसायचे. या अभ्यासक्रमात नुसती परीक्षा पास होऊन भागत नाही. अमुक एक गोष्ट तुम्ही पेशंटवर किंवा पुतळ्यावर करून दाखवली, ती अपेक्षेपेक्षा कमी होती, अपेक्षेइतकी होती की जास्त, पुन्हा करायची का, हे सगळं त्या त्या शिक्षकानं तारखेसकट लिहून सही करायची. वर शेवटच्या रकान्यात आपण सही करायची, की बाबा हो, मला फीडबॅक मिळाला. आणि याशिवाय मेंटॉर. आमच्याकडे पहिल्याच महिन्यात, फाउंडेशन कोर्स चालू असताना, दहा-बारा मुलांमागे एक शिक्षक अशा याद्या नोटीस बोर्डावर लागल्या. पहिल्या वर्षापासून फायनलपर्यंत तोच मेंटॉर, अशी कल्पना.

मला फिजिऑलॉजीच्या मॅडम आल्या. नशीबच म्हणायचं. मार्च २०२० मध्ये हॉस्टेल रिकामं करून आम्हाला घरी पाठवलं, तेव्हा त्या आम्हा सगळ्यांना आळीपाळीनं फोन करायच्या. पहिला प्रश्न कधीच अभ्यासाचा नसायचा. "घरी सगळे बरे आहेत ना? आजीला बाहेर जाऊ देऊ नकोस." मग ऑनलाइन लेक्चर ऐकू येतं का, फोन एकच आहे का, धाकट्या भावाची शाळा पण त्याच फोनवर का. आमच्या गटातल्या एकाकडे पुस्तकंच नव्हती, हॉस्टेलच्या खोलीत कुलपात राहिली होती. त्याला त्या प्रकरणांचे फोटो काढून पाठवायच्या. मेंटॉर म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पण फाईल? फायली कॉलेजच्या कपाटात. "उघडलं की एकदम लिहून टाकू," असं मॅडम म्हणाल्या. उघडलं तेव्हा परीक्षा डोक्यावर, नंतर वॉर्ड सुरू, आणि ती पानं तशीच कोरी राहिली.

२०२३ मध्ये मॅडमची बदली झाली. तेव्हा राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेजं उघडत होती आणि त्यांना शिकवणारी माणसं जुन्या कॉलेजांतूनच जायची. ऑर्डर आली, मॅडम दोन दिवसांत गेल्या. नेमका तोच काळ होता जेव्हा नेक्स्ट, म्हणजे एमबीबीएसच्या शेवटी देशभर एकच घ्यायची नवी परीक्षा, आमच्याच बॅचपासून घेणार म्हणून जाहीर झालं आणि जुलैत पुन्हा पुढं ढकललं. आम्ही सगळे वेडे व्हायचे बाकी होतो. मेंटॉरची गरज असलेला एखादा महिना निवडायचा तर तोच, आणि आमच्या गटाला मेंटॉर नव्हता.

तर आता ती खिडकी. भाऊसाहेबांनी मला मेडिकल एज्युकेशन युनिटकडे पाठवलं. तिथले सर म्हणाले, नवीन मेंटॉर दिलाय तुम्हाला, सर्जरीचे अमुक सर. सर्जरीचे सर ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, बाहेर आले, मास्क खाली करून म्हणाले, "माझ्याकडे यादी आलेली नाही. आणि ज्या भेटी मी घेतल्याच नाहीत त्यांच्यावर मी सही कशी करू?" खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं, त्यामुळंच जास्त चिडचिड झाली. फिजिऑलॉजीच्या एचओडींकडे गेले. त्या म्हणाल्या, मेंटॉर आमच्या डिपार्टमेंटचा विषय नाही, युनिटचा आहे. युनिट म्हणालं, लेखी आदेश डीन ऑफिसातून निघतो. डीन ऑफिस म्हणालं, युनिटकडून प्रस्तावच आलेला नाही. मी परत खिडकीशी. भाऊसाहेब डबा खात होते.

आणि हे सगळं मेडिसिनची पोस्टिंग सांभाळून. सकाळी राउंड चुकवला तर हजेरी जाते. प्रॅक्टिकलला ऐंशी टक्के लागतात, त्यात कुणी सूट देत नाही. दुपारी लेक्चर. मधल्या तासाभरात ऑफिस गाठायचं, तर ऑफिसात त्याच तासाला जेवणाची सुट्टी. सांगून ठेवते: ज्यांच्याकडे काम आहे त्या डॉक्टरांचा ओपीडीचा आणि ओटीचा वार आधी विचारून घ्या. मी हे फार उशिरा विचारलं नाही, पण माझ्या मैत्रिणीनं विचारलंच नव्हतं आणि तिनं ओटीबाहेरच्या बाकावर बसून अख्खं ईएनटी वाचून संपवलं.

अर्ज द्यायचा तर दोन प्रती न्या. एक त्यांना द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून पोच घ्या. "ठेवून जा, बघतो" याला काही अर्थ नाही. माझा पहिला अर्ज ठेवून घेतला गेला आणि नंतर तो कुठल्याच टेबलावर सापडला नाही. पोच होती म्हणून मी भांडू शकले.

गाठ सुटली ती एका म्हाताऱ्या हेडक्लार्कमुळं. रिटायरमेंटला आलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि म्हणाले, "बाळा, यात दोन गोष्टी मागितल्यास. एका अर्जात दोन मागण्या केल्या की फाईल दोन टेबलांच्या मधे बसून राहते." मग त्यांनीच सांगितलं: एक अर्ज नवीन मेंटॉरच्या लेखी आदेशासाठी, आदेशाच्या तारखेपासून पुढच्या भेटी ते सर बघतील. दुसरा अर्ज जुन्या भेटींसाठी, त्याला जुन्या मॅडमचं पत्र जोडायचं, की या या तारखांना मी या विद्यार्थिनीशी बोलले. मागच्या तारखेनं सही कुणाकडूनच मागायची नाही. इतकं सोपं. हे पहिल्या दिवशी खिडकीतून कुणी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

मॅडमना फोन केला. पत्र मेलवर पाठवते म्हणाल्या, पण ऑफिसला सही-शिक्क्याचा मूळ कागदच हवा होता. रविवारी प्रॅक्टिकलच्या कॉप्या तपासायला त्या त्यांच्या नव्या कॉलेजात असणार होत्या. पहाटेची एसटी पकडून गेले. नवं कॉलेज म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या आवारातली रंगाचा वास येणारी इमारत. मॅडमनी पिशवीतून २०२० ची डायरी काढली. त्यात आमच्या प्रत्येकाच्या नावापुढं फोनच्या तारखा होत्या. माझ्यापुढं एके ठिकाणी लिहिलेलं, "आजी ॲडमिट, वीस तारखेला पुन्हा फोन." मी तारखा उतरवून घेतल्या, त्यांनी पत्र लिहिलं आणि मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. गटातल्या उरलेल्यांची पत्रंही त्यांनी तेव्हाच लिहून दिली.

त्यानंतर फॉर्म गेला. मुदतीच्या आत, पण जेमतेम. आदेश निघाला आणि सर्जरीचे सर कागदोपत्री माझे मेंटॉर झाले. त्यांनी भेट घेतली, पाचच मिनिटं, पण नीट घेतली.

गंमत अशी, की वॉर्डात मला खरं घडवलं ते मेडिसिनच्या एका लेक्चरर सरांनी, आणि त्यांचं नाव माझ्या मेंटॉर फाईलमध्ये कुठंच नाही. हार्ट फेल्युअरची हिस्टरी घ्यायला लावली तेव्हा त्यांनी आमच्या अख्ख्या बॅचला "अपेक्षेपेक्षा कमी, पुन्हा करा" असा शेरा दिला. सगळ्यांनी लिहिलं होतं, चालताना दम लागतो. सर पेशंट मावशींच्या कॉटवर बसले आणि विचारलं, "मावशी, घरापासून हापसा किती लांब? रिकामी कळशी नेताना थांबता की भरलेली आणताना?" मावशी म्हणाल्या, पूर्वी भरलेली आणताना थांबायचे, आता दिवाळीपासून रिकामी नेतानाच. दम किती कामानं लागतो ती ग्रेड, ती कधी वाढली, सगळं त्या एका उत्तरात आलं. ओपीडी संपल्यावर जेवायला जायच्या आधी ते रोज अर्धा तास आमच्यासाठी थांबायचे. हे त्यांच्या कुठल्या अहवालात मोजलं जात असेल असं मला वाटत नाही. आणि लॉगबुकवर ते जागच्या जागी सही करायचे, खिशातून पेन काढून, मावशींच्या कॉटवरच. म्हणून मेडिसिनचं लॉगबुक माझं कधी अडकलं नाही. तुम्हीही तेच करा. केस प्रेझेंट झाली की तिथंच वही पुढं करा, लाजू नका. रेसिडेंटची, म्हणजे पीजी करणाऱ्या डॉक्टरची, सही आमच्याकडे चालली नाही, शिक्षकाचीच लागली, हेही लक्षात ठेवा. आणि सही झालेल्या प्रत्येक पानाचा त्याच रात्री फोटो काढा.

आता ज्युनिअर्सना तर फॅमिली ॲडॉप्शनची पण वही आहे. गावात जाऊन दत्तक घेतलेल्या कुटुंबांच्या भेटी, त्यांच्यावरही सह्या. त्यांचे मेसेज येतात तेव्हा मी आधी एकच विचारते, मेंटॉर अजून इथंच आहेत का? बदलीची कुजबूज जरी ऐकू आली तरी त्याच आठवड्यात फाईल घेऊन जा.

हो, आणि इंटर्नशिप राहिलीच. तिचं लॉगबुक वेगळं असतं. मेडिसिन, सर्जरी सहा-सहा आठवडे असतात, तिथं सही राहत नाही. फॉरेन्सिक आणि स्किन एकेकच आठवडा असतं. शनिवारी पोस्टिंग संपतं, सोमवारी तुम्ही दुसऱ्या डिपार्टमेंटला, आणि सही राहते. आमच्यातल्या निम्म्यांची तिथंच राहिली होती. शुक्रवारीच घेऊन टाका.