हरिपूरची पेवे आणि त्यांतली स्थिर हवा

सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर असलेल्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवण्याची पद्धत अनेक पिढ्यांची आहे. माणूस जेमतेम उतरू शकेल एवढे तोंड, खाली रुंदावत गेलेले पोट, आणि हळद भरून झाली की पाला-पाचट अंथरून वर मातीने पक्के बुजवलेले तोंड, अशी ही रचना. तीत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकते, याचे श्रेय सारे जण इथल्या घट्ट, पाणी न झिरपू देणाऱ्या मातीला देतात आणि ते रास्तच आहे. परंतु पेवातली हवा जवळजवळ हलत नाही, या गोष्टीलाही माझ्या मते तितकेच श्रेय दिले पाहिजे, आणि ती का हलत नाही हे सच्छिद्र पदार्थांतील अभिसरणाच्या, म्हणजे तापमानाच्या फरकाने हवा फिरत राहण्याच्या, नियमांवरून बऱ्याच नेमकेपणाने सांगता येते.

हळकुंडांची रास ही भौतिकशास्त्राच्या दृष्टीने एक सच्छिद्र पदार्थ आहे. तिच्या आकारमानाचा निम्म्याच्या आसपास भाग हवेने व्यापलेला असतो. अशा पदार्थातून द्रव किंवा वायू किती वेगाने वाहील, याचा मूलभूत नियम फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या हेन्री डार्सी या अभियंत्याने १८५६ मध्ये मांडला. वाळूच्या थरातून जाणारा प्रवाह दाबातील फरकाच्या प्रमाणात वाढतो आणि थर जितका जाड तितका तो कमी होतो, हे त्याने प्रयोगांनी दाखवले. पुढे १९४५ मध्ये हॉर्टन आणि रॉजर्स या संशोधकांनी, व १९४८ मध्ये लॅपवूड यांनी, असा थर खालून तापवला तर त्यातला द्रव आपोआप फिरू लागण्यासाठी तापमानात किती तफावत लागते याचे गणित केले. गुरुत्वत्वरण, द्रवाचे तापल्यावर फुगण्याचे प्रमाण, तापमानातील फरक, थराची उंची आणि पारगम्यता (थरातून द्रव किंवा वायू किती सहज जातो त्याचे माप) यांच्या गुणाकाराला द्रवाच्या चिकटपणाने व उष्णता पसरण्याच्या वेगाने भागून जी संख्या मिळते, तिला रॅले-डार्सी संख्या म्हणतात. ती सुमारे ३९.५ च्या खाली असेल तर गरम हवा खाली आणि थंड हवा वर असूनही काहीच हलत नाही. उष्णता केवळ वहनाने, कणाकणाने, वर सरकत राहते. ती मर्यादा ओलांडली की मात्र चक्राकार प्रवाह सुरू होतात.

आता हे आकडे हळदीला लावून पाहू. हळकुंडाची जाडी साधारण एक सेंटिमीटर, राशीची उंची पाच मीटर आणि तळ व माथा यांच्या तापमानात पाच अंशांचा फरक धरला, तर माझ्या ढोबळ हिशोबाने ही संख्या साठ-सत्तरच्या घरात जाते, म्हणजे अभिसरण सुरू होईल. याच राशीत हळदीऐवजी गहू असता तर ती सहा-सातच्या पुढे गेली नसती, कारण पारगम्यता कणाच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणूनच हळदीच्या बाबतीत साठवणुकीची जागा धान्यापेक्षा अधिक काळजीपूर्वक निवडावी लागते. दोन अंशांचा फरक धरला की तीच संख्या सत्तावीसच्या आसपास उतरते आणि हवा जागेवर राहते.

पेव नेमका हाच फरक आटोक्यात ठेवते. दिवस-रात्रीच्या तापमानातील चढउतार जमिनीत हातभर खोलीवरच संपतो, आणि उन्हाळा-हिवाळ्यातील फरकाचा सहा मीटर खोलीवर दहावा हिस्साही उरत नाही. उन्हाळ्यात वरचा भाग गरम आणि तळ थंड असतो, तेव्हा जड हवा खालीच असल्याने हालचालीला वावच नाही. धोका असतो तो हिवाळ्यात, माथा थंडावतो तेव्हा. पण तोंडावरच्या मातीच्या जाड थरामुळे तो फरक बहुधा मर्यादेच्या आतच राहतो.

जमिनीवरच्या गोदामात याहून अवघड गोष्ट घडते, आणि ती फारशी कोणी लक्षात घेत नाही. वर सांगितलेली मर्यादा फक्त खालून तापणाऱ्या थराला लागू आहे. बाजूची भिंत तापली तर मर्यादाच नसते; फरक अगदी अर्ध्या अंशाचा असला तरी भिंतीजवळची हवा चढू लागते आणि पलीकडची उतरू लागते. दुपारभर उन्हात तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीला पोती टेकवून लावलेली असली, तर त्या थप्पीत हवेचे एक संथ चक्र संध्याकाळपर्यंत चालू राहते. ही हवा हळदीतला ओलावा सोबत नेते. २५ अंशांची संपृक्त (आणखी बाष्प सामावू न शकणारी) हवा एका घनमीटरमागे सुमारे २३ ग्रॅम बाष्प सामावते, तर २० अंशांची सुमारे १७ ग्रॅम. उरलेले पाणी थंड पोत्यांवर सुटते. हिवाळ्याच्या पहाटे पत्र्याखालच्या वरच्या पोत्यांना हात लावला तर ती दमट लागतात, आणि बुरशीची सुरुवातही तिथूनच होते. म्हणजे एकूण हळद कोरडी असूनही तिचा एक थर ओला असू शकतो. पेव सर्व बाजूंनी सारख्याच तापमानाच्या मातीने वेढलेले असल्याने त्यात हा बाजूचा फरक उद्भवतच नाही.

स्थिर हवेचा आणखी एक परिणाम कीड रोखण्याचा आहे. आतले जीव प्राणवायू वापरून कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि नवी हवा आत येत नाही. ज्या हवेत एकूण आकारमानाच्या पाच टक्के इतक्या प्राणवायूची जागा या वायूने घेतली आहे, ती सुमारे सहा अंशांनी थंड झालेल्या हवेइतकी जड असते, त्यामुळे ती तळाशी बसून राहते. पेव उघडल्याबरोबर आत उतरणे जिवावर बेतू शकते ते यामुळेच. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेल तर ती खाली शिरत नाही, म्हणून उन्हाळ्यातील दुपारी नुसते तोंड उघडे ठेवून भागत नाही, हे उतरणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगितले पाहिजे.

२००५ च्या महापुरात हरिपूरची असंख्य पेवे पाण्याखाली गेली, आणि त्यानंतर साठवण मोठ्या प्रमाणावर गोदामांकडे व शीतगृहांकडे वळली. नदीकाठी पुन्हा पेवे खोदावीत असे मी म्हणणार नाही. परंतु गोदाम बांधताना पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून सावली करणे, थप्पी भिंतीपासून दोन-अडीच फूट दूर ठेवणे, पत्र्याखाली उष्णतारोधक थर देणे आणि थप्पीचा तळ, मध्य व माथा अशा तीन ठिकाणी साधे तापमापक ठेवून हिवाळ्यात रोज सकाळी नोंद करणे, एवढे सहज करता येण्यासारखे आहे. माथा मध्यापेक्षा तीन अंशांनी थंड दिसू लागला, तर वरचे दोन थर उतरवून, तपासून आणि उन्हे दाखवून मगच पुन्हा लावावेत.